टबात बसायचं की गावात राहायचं?

प्रश्न : मी ६७ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. मुलगा मँचेस्टरला असतो. डिसेंबरात आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत. लडलो नावाच्या जुन्या गावापासून सहा-सात किलोमीटरवर त्यानं सोमवार ते शुक्रवार, चार रात्रींसाठी एक कॉटेज पाहून ठेवलंय. अंगणात हॉट टब आहे. तेवढ्याच भाड्यात ऐन गावातलं एक जुनं घरही मिळतंय, पण तिथे टब नाही. सौ. म्हणते, 'दुसऱ्यांनी बसून झालेल्या पाण्यात मी पायसुद्धा घालणार नाही.' मला बीपीची गोळी सुरू आहे. शिवाय मुलगा त्या गावाला 'मार्केट टाऊन' म्हणतो. म्हणजे आम्ही बाजारात राहायचं का? आठ दिवसांत त्याला कळवायचं आहे.
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : आधी वहिनींना माझा नमस्कार सांगा. ज्या प्रश्नावर टबवाल्या कॉटेजचे निम्मे मालक चाचरतात, तो त्यांनी घरबसल्या विचारला.

हॉट टब म्हणजे पाच-सहा माणसं मावतील असं झाकणाचं मोठं टाकं. आपल्या बंबासारखं पाणी काढून अंगावर घ्यायचं नसतं, त्यातच बसायचं असतं. पाणी ३७-३८ अंशांवर ठेवतात, ४० च्या वर जाऊ देत नाहीत. आता गोम अशी, की कोमट पाण्यात जंतूंचीही चंगळ होते. लेजिओनेला नावाचा न्यूमोनिया करणारा जंतू २० ते ४५ अंशांत सुखानं वाढतो आणि बुडबुड्यांच्या तुषारांबरोबर श्वासात जातो. म्हणून पाण्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन घालतात, ते रोज तपासतात, आणि भाड्याच्या घरातला टब एक कुटुंब गेलं की रिकामा करून, घासून, नव्यानं भरावा असा तिथला दंडक आहे.

पण यात एक साधं गणित आहे. पाहुणे सकाळी १० ला जातात, नवे दुपारी ४ ला येतात. मध्ये सहा तास. डिसेंबरात तिथल्या नळाचं पाणी दहा अंशांच्या आसपास असतं, आणि घरगुती टबाचा हीटर तासाला एक-दोन अंशच चढवतो. म्हणजे त्याच दिवशी भरलेला टब चार वाजता कोमटसुद्धा व्हायचा नाही. तेव्हा पोचल्या पोचल्या टब वाफाळत असेल तर मालकाला प्रेमानं विचारा, 'पाणी कधी बदललं, आणि तापवलं कशानं?' मोठा हीटर असतो किंवा गरम पाण्यानंच टब भरतात, तसं असेल तर तो लगेच सांगेल. 'पाणी अगदी स्वच्छ आहे हो' एवढंच म्हणाला, तर वहिनींचं बरोबर.

बीपीचं तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नका. गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो, गोळीचा परिणाम त्यात मिसळतो. बसल्या बसल्या काही कळत नाही. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि पायाखाली बाहेरच्या थंडीतली ओली फरशी असते. डॉक्टर हो म्हणाले तरी दहा-पंधरा मिनिटं, मुलगा शेजारी असताना, आणि त्यानं हातात ग्लास दिला तर तो बाहेर आल्यावर.

आता बाजाराचं. घाबरू नका, भाजीच्या गाड्यांमध्ये खाट टाकायची नाहीये. मार्केट टाऊन म्हणजे ज्या गावाला आठवडी बाजार भरवायचा हक्क फार जुन्या काळी मिळाला ते गाव. हा हक्क राजाकडून यायचा आणि शेजारच्या गावानं उठून आपला बाजार थाटला तर भांडण दरबारापर्यंत जायचं. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन या कायदेपंडिताच्या नावावरच्या ग्रंथात दोन बाजारांमधलं अंतर किती हवं याचा हिशेब आहे. माणूस दिवसाला वीस मैल जातो असं धरा. त्याचे तीन भाग करा. एक जायला, एक देण्याघेण्याला, एक उजेडी घरी परतायला. म्हणून सुमारे पावणेसात मैलांच्या आत दुसरा बाजार नको. मला हा हिशेब फार आवडतो. त्यात बाजारकरी बाईला अंधार पडायच्या आत घरी पोचवायची काळजी आहे. आपण नागपूरकरांनी इतवारी, शुक्रवारी, सक्करदऱ्याचा बुधवार बाजार अशी वारांचीच नावं वस्त्यांना दिली. तिथे वार नावात नाही, पण अंगात आहे. लडलोचा बाजार सोमवार, बुधवार, शुक्रवार आणि शनिवारी किल्ल्यासमोरच्या चौकात भरतो.

किल्ल्यासमोर म्हणजे अगदी समोर. आपल्याकडे सीताबर्डीचा किल्ला टेकडीवर, खाली बाजार आणि मध्ये रहदारी. तिथे चीजच्या दुकानापासून दरवाजापर्यंत मी पावलं मोजली नाहीत, पण पिशवी जड वाटायच्या आत पोचले. अकराव्या शतकाच्या शेवटी, फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या नॉर्मन सरदारांनी तो किल्ला बांधायला घेतला, वेल्सच्या सरहद्दीवर नजर ठेवायला. इंग्लंडच्या गादीचा वारस राजपुत्र आर्थर पंधरा वर्षांचा असताना १५०२ मध्ये तिथेच वारला. त्याची विधवा कॅथरिन पुढे त्याच्या धाकट्या भावाची, आठव्या हेन्रीची बायको झाली, आणि तिला सोडण्यावरून हेन्रीनं रोमच्या पोपशी फारकत घेतली. इंग्लंडचा धर्म ज्या घरगुती भानगडीतून बदलला तिची सुरुवात या पडक्या भिंतींच्या आत झाली. आमचे हे तिथे उभं राहून म्हणाले, 'काहून पोराचं लग्न इतकं लवकर लावलं?'

माझं मत विचाराल तर गावातलं घर घ्या. लडलोत जवळपास ५०० वास्तू संरक्षित यादीत आहेत. लाकडी सांगाड्याची, वाकलेली, एकमेकींच्या खांद्याला टेकलेली घरं. १६१९ मधलं फेदर्स हॉटेल तर नक्षीकाम केलेल्या पेटीसारखं दिसतं. अशा घराला बाहेरून हात लावायचा तर परवानगी लागते, मागचं अंगण चार पाटांएवढं, आणि दीड टन पाण्याचं टाकं बोळातून आत न्यायचं कसं? म्हणूनच टब बहुतेक गावाबाहेर, धान्याच्या जुन्या कोठारांची घरं केलीत तिथे असतात. रात्री १० नंतर टबात आवाज करायचा नाही असाही नियम बऱ्याच ठिकाणी असतो, कारण शेजारी शेतकरी झोपलेला असतो.

आणि डिसेंबरात तिथे चारच्या सुमारास सूर्य मावळतो. गावाबाहेरच्या रस्त्यांना दिवे नाहीत, फुटपाथ नाहीत, दोन्हीकडे झुडपांच्या भिंती. मुलगा चारही दिवस गाडी घेऊन सोबत असेल तर ठीक. तो लॅपटॉप उघडून बसला, की तुम्ही दोघं साडेचारपासून टबाच्या झाकणाकडे बघत बसाल. आम्ही एकदा तसे बसलो होतो. तिसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनी केसाला खोबरेल लावून टबात प्रवेश केला आणि दहा मिनिटांत पाण्यावर असा फेस आला की पोळ्याच्या बैलांच्या तोंडालाही येत नसेल. टब रिकामा करावा लागला. त्याचे पैसे मालकानं वेगळे घेतले, आणि ते रास्तच होते.

गावातल्या घरातून मात्र काठी टेकत टीम नदीवरच्या डिनम पुलापर्यंत उतरता येतं, सेंट लॉरेन्स चर्चमधल्या बाकांखालची कोरीव लाकडी चित्रं बघता येतात, आणि सोमवारी दुपारी पोचून शुक्रवारी निघालात तर तीन बाजार पदरात पडतात. मँचेस्टरहून लडलोला थेट गाडी आहे, दोनेक तासांची. स्टेशनातून गाव चालत, पण चढ आहे. सामान मुलाकडे द्या.

मुलानं टब हौसेनं शोधलाय हे मला कळतं. त्याला सांगा, आईला बाजार हवाय. ते खोटंही नाही.

प्रश्न : हॉट टबमध्ये गाऊन घालून बसलं तर चालतं का? सुनेला विचारायची लाज वाटते.
— एक वाचक, महाल

उत्तर : लाजेचं काही नाही, पण गाऊन नको. सैल सुती कापड पाणी ओढणाऱ्या जाळीकडे खेचलं जातं, त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात, आणि कापडात उरलेल्या साबणानं फेस होतो. अंगाबरोबरची नायलॉनची लेगिंग आणि तसाच पूर्ण बाह्यांचा टॉप घाला. आदल्या दिवशी तो नुसत्या पाण्यातून दोनदा काढा. केस वर बांधा, आधी शॉवर घ्या, तेल आणि क्रीम नाही. कानातलं-गळ्यातलं चांदीचं असेल तर काढून ठेवा, काळं पडतं.

प्रश्न : कॉटेजमध्ये आपला स्वयंपाक करू देतात का?
— एक वाचक, सदर

उत्तर : करू देतात, भांडीही असतात. तवा असेलच असं नाही, फ्रायपॅनवर पोळ्या होतात. कोथिंबीर दुकानात मिळते, पण आपण नागपुरात म्हणतो तसं तिथे 'सांबार' मागू नका, लोक डाळीच्या डब्याकडे बोट दाखवतील. खरी पंचाईत फोडणीची. छतावर धुराची घंटी असते आणि सावजीची लाल मिरची तेलात पडली की ती आधी ओरडते, मग खोकला. लाकडाच्या जुन्या घरात ती घंटी फार गंभीरपणे घेतात, बॅटरी काढून ठेवायचा उद्योग करू नका. खिडकी उघडा, पंखा लावा, आणि मिरची तेलात न टाकता रश्शात घाला. चव थोडी कमी होते, काय करणार.