पतपेढीचा फॉर्म आणि डब्याच्या गप्पा

तुमची पोस्ट वाचता वाचता चहा गार झाला. विरारहून अंधेरीला जाताना ऑफिसातल्या सीनियर ताई लेडीज डब्यात तुमच्यासाठी जागा धरतात. मग जेवताना तुमच्या डब्यातली भाजी हक्काने उचलतात, लग्नाचं कुठवर आलं ते चारचौघींत विचारतात, महिनाअखेरीला 'दोन हजार टाक गं' म्हणतात. आणि शुक्रवारी त्यांनी पतपेढीच्या कर्जाचा फॉर्म दिला, जामीनदार म्हणून सही करायला. 'नाही म्हटलं तर डब्याला एकटी पडेन,' असं तुम्ही लिहिलंय. विरारच्या जागी डोंबिवली घाला, ती २०१४ सालची मीच.

शांतपणे पण ठाम बोला वगैरे इथे बाकीच्यांनी लिहिलंच आहे, ते बरोबरच आहे. मी फक्त माझी फसगत सांगते.

माझ्याही ऑफिसातल्या एका बाईंच्या फॉर्मवर मी सही केली. घरात अजूनही सगळे त्या सहीलाच नावं ठेवतात. माझ्या मते खरी चूक तीन दिवस आधी झाली होती, डबा खाताना. माझं स्वतःचं पतपेढीचं कर्ज त्या महिन्यात फिटलं होतं. आनंदाच्या भरात मी पेढे वाटले आणि म्हटलं, 'आता पगारातून एक रुपया कटत नाही बघा!' पतपेढीला नेमका असाच जामीनदार लागतो: सभासद, नोकरी पक्की, पगारावर कपात नाही. चौथ्या दिवशी फॉर्म माझ्या टेबलावर. तेव्हापासून पगार, हप्ते, नवऱ्याचा बोनस, गावच्या जमिनीची वाटणी, यातलं काहीही मी डब्यासोबत उघडत नाही. लोक मला आखडू म्हणतात. म्हणोत.

दुसरी चूक, मी कारणं देत बसले. 'मिस्टरांना विचारते' म्हटलं तर 'अगं, पगार तुझा, त्यांना कशाला?' 'मुलाची बारावी आहे' म्हटलं तर 'पैसे कुठे द्यायचेत, नुसती सही तर आहे!' तोवर टेबलावरच्या बाकीच्या दोघीही 'दे गं, एवढं काय' म्हणायला लागल्या. रकमेचा रकाना कोरा होता. मला तोंडी एक लाख सांगितलं होतं, नंतर कळलं की अडीच लाख उचलले.

चौदा महिन्यांनी बाईंनी राजीनामा दिला. पगार थांबला की कपातही थांबते, मग पतपेढी जामीनदारांकडे वळते. पुढच्या महिन्यात माझ्या स्लिपवर साडेतीन हजारांची कपात. दुसरे जामीनदार डिस्पॅचमधले एक काका. त्यांच्या निवृत्तीला वर्ष राहिलेलं, त्यांचे हाल मी लिहीत नाही.

पतपेढीच्या कार्यालयाबद्दल मात्र लिहिणार. पोटमाळ्यावरची खोली, साडेबाराला उघडायची आणि अडीचला कुलूप. पहिल्या खेपेला मी कर्जखात्याचा उतारा मागितला. उत्तर आलं, 'तुम्ही कर्जदार नाही, तुम्हाला उतारा देता येणार नाही.' म्हणजे हप्ता माझ्या पगारातून, पण खातं बघायचा हक्क नाही! दुसऱ्या खेपेला साहेब बाहेर. तिसऱ्या खेपेला विचारलं, निदान बाईंच्या घरी नोटीस तरी पाठवलीत का? तर म्हणे, 'मॅडम, कर्जदार सापडत नाहीत, जामीनदार सापडतात.' हे वाक्य मला अजून झोपेत ऐकू येतं. शेवटी लेखी अर्ज दिला, दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली, तेव्हा कुठे उतारा हातात पडला. तोंडी बोलण्यात माझे चार महिने गेले, तो अर्ज पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता. एकूण २८ महिने कपात झाली, ९८ हजार रुपये.

मी वकील नाही, तेव्हा पुढचं कुणा जाणकाराकडून तपासून घ्या. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ : करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. 'आधी तिच्याकडे मागा, मग माझ्याकडे या' हे चालेलच असं नाही. कर्ज वाटल्यावर 'माझी सही परत द्या' म्हणूनही सुटका होत नाही. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघतो, त्यात जामीनदाराचंही नाव येऊ शकतं. भरलेली रक्कम कर्जदाराकडून परत मागायचा हक्क आपल्याला करार कायद्याच्याच कलम १४५ ने आहे, पण त्यासाठी ती बाई सापडायला हवी आणि कोर्टात जायची ताकद हवी. माझ्यात ती नव्हती.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की एक सर रात्री अकरानंतर 'जेवलीस का' आणि फोटोंवरून काहीबाही मेसेज करतात. ते या भाजी-डब्याच्या पंक्तीत बसवू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते, आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. मेसेज डिलीट करू नका, स्क्रीनशॉट स्वतःच्या ईमेलवर ठेवा.

बाकी भाजी उचलतात तर उचलू द्या. खरं सांगू, मला तिचं फार वाटत नाही. तिघींच्या बाकावर चौथीला सरकून जागा देणारी माणसं आपण, तेवढं चालायचंच. लग्नाच्या प्रश्नावर 'ठरलं की पत्रिका देईन' म्हणा आणि दरवेळी तेवढंच म्हणा. आधी दिलेल्या दोन-दोन हजारांचं मात्र आजच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारा, 'ताई, एकूण इतके झाले ना?' त्यांचं नुसतं 'हो' आलं तरी नोंद झाली. तोंडी विचारू नका.

फॉर्म अजून तुमच्या ड्रॉवरमध्येच असेल तर सोमवारी सकाळी, पंचिंग झाल्या झाल्या परत द्या. जेवणाच्या वेळी नको, तिथे वकिली करायला बाकीच्या असतात. 'ताई, मी कुणालाच जामीन राहत नाही,' एवढं एकच वाक्य. 'का गं?' आलं की तेच पुन्हा. आणि जागेचं म्हणाल तर आठवडाभर एक गाडी आधीची पकडा. मी तेव्हा पकडली असती तर पतपेढीचे ते जिने चढावे लागले नसते.