पाकीट उलटं करून बघा

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहते, नोकरी फोर्टला. सकाळी सातची लोकल, घरी यायला रात्रीचे आठ. तब्येत सांभाळायची म्हणून मी ब्राऊन ब्रेड आणि डायजेस्टिव्ह बिस्किटं आणते. सासूबाईंचं एकच, ‘भाकरी खा.’ रोज थापणार कोण? डब्यात पोळी-भाजी असते, तरी पाच वाजले की पोटात कावळे ओरडतात आणि बिस्किटांचा पुडा संपतो. काय करू?

उत्तर : मी सासूबाईंच्या बाजूने आहे, रागावू नका. आधी ब्रेडचं पाकीट उलटं करा. वजनाने जे सर्वांत जास्त ते यादीत आधी छापायचं, असा नियम आहे. पहिलंच नाव मैद्याचं निघालं, तर तो तपकिरी रंग कोंड्यापेक्षा कॅरॅमलचा असण्याचीच शक्यता जास्त. बिस्किटांच्या यादीत बहुतेकदा मैद्यामागोमाग साखर आणि पामतेल भेटेल. पुढच्या बाजूची गव्हाची लोंबी बघून माझी सख्खी बहीणही फसते, आणि ती शाळेत विज्ञान शिकवते!

मैदा महिनोन्महिने टिकतो, कारण त्यातला कोंडा आणि तेलकट अंकुर काढून टाकलेला असतो. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं ते त्यातल्या तेलामुळेच. म्हणून गिरणीतून अर्धा-एक किलोच दळून आणा. रोज भाकरी थापा असं मी म्हणत नाही. सुट्टीच्या दिवशी ज्वारीची, मधे एखाद्या रात्री नाचणीची करा. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. एरवी पोळीच खा, फक्त कणीक चाळून कोंडा टाकू नका.

तुमचं खरं दुखणं पाच वाजताचं. दुपारी एकला दोन पोळ्या आणि बटाट्याची भाजी, मग भूक लागणारच की! डब्यात उसळ घाला. मटकी रात्री भिजवा, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून निघा. मुंबईच्या दमट हवेत तुम्ही घरी येईपर्यंत बारीक मोड डोकावलेले असतात. पावसाळ्यात मात्र घट्ट गाठ मारलीत तर मटकी चिकट होते, वास मारते. तेव्हा ती चाळणीत पसरायची आणि वर ओलं फडकं टाकायचं. मोड आले की डबा फ्रीजमध्ये. दोन दिवस उसळीची काळजी नाही.

पाचच्या भुकेला फुटाणे, तेही सालासकट. १०० ग्रॅममध्ये साधारण २० ग्रॅम प्रथिनं. तुम्हाला एक मूठ पुरे. टेबलाच्या खणात डबी भरून ठेवा, बिस्किटांचा पुडा आणूच नका. घरात असला की खाल्ला जातो, माझ्याकडेही तेच होतं.

आणि डबा संपल्या संपल्या ऑफिसातला चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला. चहामुळे उसळीतलं लोह कमी अंगी लागतं. लिंबू पिळलंत तर उलट जास्त लागतं, तेव्हा डब्यात एक फोड टाका.