नियंत्रण की नियमन?

अमळनेरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: गणिताच्या एम.एस्सी. प्रकल्पावर मला मराठीतून बोलायचं आहे. विषय आहे शरीराची प्रतिकारसंस्था स्वतःला कशी आवरते याचं गणिती मॉडेल. ‘इम्यून रेग्युलेशन’ला नियंत्रण म्हणू की नियमन?

नियमन म्हणा. व्युत्पत्ती इथे कामाची नाही. दोन्ही शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणे या एकाच संस्कृत धातूकडे जातात. फरक वापरात दिसतो. गर्दीवर नियंत्रण ठेवतात, वाहतुकीचं नियमन करतात. ‘वर’ आलं की आवरणारा वेगळा आणि आवरला जाणारा वेगळा. पांझरा नदीकाठच्या फड पद्धतीत, म्हणजे शेतकऱ्यांच्या सामाईक सिंचनात, कोणत्या फडाला (शेतांच्या गटाला) पाणी कधी, हे शेतकरीच आपसात ठरवतात आणि पाणी सोडणारा पाटकरीही त्यांनीच नेमलेला असतो. ते पाण्याचं नियमन.

आता तुमची समीकरणं बघा. हल्ला करणाऱ्या टी पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) इंटरल्यूकिन-२ हे वाढीचा संदेश देणारं प्रथिन सोडतात. हल्ला आवरणाऱ्या नियामक टी पेशींना तेच लागतं, पण त्या स्वतः ते जवळपास बनवतच नाहीत. म्हणून हल्लेखोर वाढले की त्यांच्याच जिवावर नियामकही वाढतात, इंटरल्यूकिन शोषून घेतात आणि हल्ला ओसरतो. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली या पेशी ओळखल्या त्या पेशीवरच्या सीडी२५ या खुणेवरून, आणि सीडी२५ हा इंटरल्यूकिन-२ पकडणाऱ्या ग्राहीचाच एक भाग! (२०२५च्या नोबेलमध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांच्यासोबत तेही होते.) साध्या मॉडेलमध्ये हल्लेखोरांच्या वाढीतून जे वजा होतं, ते दोन्ही पेशींच्या संख्यांचा गुणाकार असतो. बाहेरचं कुणीच नाही. ‘स्वनियमन’ म्हटलंत तर आणखी नेमकं. ‘स्वनियंत्रण’ नको, त्याने मन आवरणारा माणूस डोळ्यांपुढे येतो.

नियंत्रण हा शब्द मात्र हाताशी ठेवा. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचं प्रतिकारसंस्था दाबणारं औषध समीकरणात बाहेरून येणारं पद म्हणून मांडलंत, तर ते नियंत्रणच. गणितात नियंत्रण सिद्धांत (कंट्रोल थिअरी) आहेच.

आणखी एक, आणि याबद्दल माझा आग्रह आहे. ‘प्रतिकारशक्ती’ म्हणू नका, ‘प्रतिकारसंस्था’ म्हणा. शक्ती म्हटली की ती वाढवायचीच, असं ऐकणारा धरून चालतो. आमवातात हीच संस्था आपल्या सांध्यांवर उलटते; तिथे शक्ती वाढवून काय साधणार?

मॉडेलला मॉडेलच म्हणा. ‘प्रतिमान’ चुकीचं नाही, पण ते आधी समजावून सांगण्यात तुमची दोन मिनिटं जातील.