जुना मालक डोमेन परत मागतोय?

मुदत संपून सुटलेलं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तू घेतलंस आणि आता जुना मालक ते परत मागतोय, तर आधी घाबरू नकोस, आणि लगेच उत्तरही पाठवू नकोस. डॉट कॉमची मुदत संपली की नाव त्याच दिवशी सुटत नाही. रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं नोंदवणाऱ्या कंपनीकडे, ते 45 दिवसांपर्यंत राहू शकतं, मग 30 दिवस जादा पैसे भरून सोडवायची मुभा असते, आणि त्यानंतर आणखी 5 दिवसांनी ते सुटतं. त्यामुळे मुदत संपल्याचा 'मेल आलाच नाही हो' असं तो म्हणाला, तरी ते काही तुझं पाप नाही.

खरी मेख ट्रेडमार्कची. नाव त्याचा ब्रँड असेल तर तो यूडीआरपीखाली, म्हणजे डोमेनच्या वादांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांखाली, तक्रार करू शकतो. डॉट इनसाठी तशीच भारतातली आयएनडीआरपी. तिथे तुझा हेतू तपासतात. म्हणून 'दोन लाख द्या, मग बघू' असं चुकूनही लिहू नकोस, तोच मेल तुझ्याविरुद्ध पुरावा होतो. त्याच्याच धंद्याच्या जाहिराती त्या साइटवर लावल्या असतील तर आजच काढ. तक्रार आलीच, तर यूडीआरपीत उत्तराला 20 दिवस मिळतात.

'अंगण'सारखा साधा शब्द असेल आणि तू त्यावर खरंच काही करत असशील, तर नम्रपणे नकार दे. गावच्या शाळेचं वगैरे नाव असेल तर मी खर्चापुरते पैसे घेऊन देऊन टाकतो. फक्त मागणारा खरा मालक आहे ना, हे आधी तपास.