एक चॅनेल वाजतं, एक बसलं

प्रश्न : मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतल्या एका नाटक कंपनीत गिटार वाजवतो. माझ्याकडे ६० वॅटचं, दोन चॅनेलचं ट्रान्झिस्टर गिटार अँप आहे, सेकंडहँड घेतलेलं. मागच्या सीझनच्या शेवटापासून क्लीन, म्हणजे साध्या स्वच्छ आवाजाच्या, चॅनेलचा आवाज एकदम बारीक येऊन राहिला, तोही फाटका, आणि तार जोरात छेडली तरच. ओव्हरड्राइव्हचं, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजाचं, चॅनेल ठणठणीत आहे. क्लीनच्या व्हॉल्यूमची नॉब दाबून धरली की कधी कधी आवाज मोकळा होतो. एका दुकानात दाखवलं, तर न उघडताच ‘बोर्ड गेलं, पूर्ण बदलावं लागेल’ म्हणाले. तेवढा पैसा नाही. मीटर धरता येतं, सोल्डरिंग जमतं. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, देसाईगंज (वडसा)

उत्तर : भाऊ, तुमचं बोर्ड गेलेलं नाही. तुमच्याच पत्रात त्याचा पुरावा आहे. ओव्हरड्राइव्ह नीट वाजतं, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, फिल्टर कंडेन्सर, पॉवर ट्रान्झिस्टर, स्पीकर हे सगळं शाबूत आहे, कारण दोन्ही चॅनेल पुढे त्याच वाटेनं जातात. गिटारची पिन जिथे लागते तो जॅकही बहुतेक ठीक आहे. बिघाड आहे तो फक्त क्लीन चॅनेलच्या स्वतःच्या गल्लीत. अर्ध्याहून जास्त अँप तुम्ही मीटर न लावताच तपासून टाकलं आहे.

मी ब्रह्मपुरीला बसतो. दसरा झाला की माझ्या टेबलावर अँपची रांग लागते, कारण दिवाळीनंतर मंडई (गावच्या जत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू होतात आणि नाटकं रात्र-रात्र चालतात. त्यातली बरीच अँपं होळीपासून घराच्या कोपऱ्यात पडलेली असतात. म्हणून पहिलं काम उघडण्याआधीचं : मागे फूटस्विचचा, म्हणजे पायानं चॅनेल बदलायच्या बटणाचा, जॅक असतो, त्यात टॉर्च मारून बघा. कुंभारीण माशीला ते भोक फार आवडतं, ती आत चिखलाचं घर बांधते. मी एका जॅकमधून सुपारीएवढा मातीचा गोळा टाचणीनं कोरून काढला आहे. त्या मातीनं जॅकमधली पत्ती उचलली गेली की अँपला वाटतं फूटस्विच लावलेलाच आहे, आणि पॅनलचं बटण ऐकेनासं होतं. तुमच्याकडे चॅनेल बदलतं आहे, तेव्हा हे कारण नसावं, पण बघून घ्या. पावसाळ्यात पितळेवर चढणारा हिरवट थरही तिथेच दिसेल. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. रॉकेल किंवा खोबरेल तेल घालू नका, त्यावर कोंडा बसून पुढच्या वर्षी दुप्पट त्रास होतो.

आता उघडा. वायर भिंतीतून काढून मगच. साठ वॅटच्या अँपमध्ये मोठ्या दोन कंडेन्सरवर अधिक आणि उणे ३०-३५ व्होल्ट असतात, बंद केल्यावरही काही वेळ टिकतात. एक हजार ओहमचा पाच वॅटचा रेझिस्टर प्रत्येकावर अर्धा मिनिट धरा आणि मीटरनं शून्य झाल्याचं बघा. जिथे २३० व्होल्ट येतात तो भाग, म्हणजे स्विच, फ्यूज, ट्रान्सफॉर्मरची टोकं, जाड पुठ्ठ्यानं झाका. चालू असताना मोजायचं तर एक हात खिशात. आणि अर्थिंगची तिसरी पिन कुणी तोडून ठेवली असेल तर आधी ती बदला. मंडपात ओल्या जमिनीवर उभं राहून तुम्ही लोखंडी तारांना हात लावता.

नॉब दाबल्यावर आवाज येतो, या तुमच्या एका ओळीवर माझा सगळा भरवसा आहे. अशा अँपमध्ये बोर्ड बहुधा पॉटच्याच, म्हणजे नॉबच्या मागच्या फिरत्या रेझिस्टरच्याच, पायांवर लटकलेलं असतं. तुमचं अँप टेम्पोत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, खड्ड्यांतून गावोगाव जातं, आणि प्रत्येक धक्का त्या तीन पायांच्या सोल्डरवर येतो. बोर्ड उलटं करा, भिंग घ्या, टॉर्च तिरपी धरा. समोरून उजेड मारला तर सोल्डर चमकतं आणि काही दिसत नाही, तिरप्या उजेडात पायाभोवती केसाएवढी गोल भेग दिसते. आमच्यात त्याला ड्राय सोल्डर म्हणतात. थोडं फ्लक्स, नवं सोल्डर, २५ वॅटचं आयर्न, पाय आणि तांब्याचा पट्टा दोन्ही तापू द्या. नुसता वरून थेंब ठेवला तर पुढच्या खड्ड्यात पुन्हा सुटेल. क्लीनचे सगळेच पॉट करून घ्या.

यावर मी एवढा जोर देतो त्याला कारण आहे. सुरुवातीच्या काळात अगदी असंच अँप माझ्याकडे आलं होतं. मी तीन वेळा आयसी (आवाज वाढवणारी चिप) बदलली. तिसऱ्या वेळी बोर्डवरचा तांब्याचा पट्टाच उखडला, आणि मग लक्षात आलं की भेग पॉटच्या पायाशी होती. त्या माणसाचा सीझनचा पहिला प्रयोग गिटारविना गेला. ते मला अजून लागतं. तेव्हापासून आवाज कुठे अडतो हे कळल्याशिवाय मी एकही पार्ट काढत नाही.

सोल्डर करूनही फरक पडला नाही, तर आवाजाचा माग काढा. ०.१ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा कंडेन्सर एका वायरच्या टोकाला जोडा, वायरचं दुसरं टोक भजनी मंडळाच्या अँपच्या इनपुटला. वायरीभोवतीची जाळी (शील्ड) तुमच्या अँपच्या चेसिसला, म्हणजे धातूच्या सांगाड्याला. भजनाचं अँप अगदी हळू ठेवा. मोबाइलवर तानपुरा लावून तो गिटारच्या जॅकमध्ये सोडा, आणि कंडेन्सरचं मोकळं टोक क्लीनच्या व्हॉल्यूमच्या पायांवर टेकवा. कडेच्या, चेसिसला न जोडलेल्या पायावर तानपुरा स्वच्छ ऐकू आला आणि नॉब पूर्ण फिरवूनही मधल्या पायावर आला नाही, तर पॉट खराब. कडेच्याच पायावर फाटका आला, तर बिघाड त्याच्या मागे, आयसीकडे. दोन्हीकडे स्वच्छ असेल, तर पुढे, चॅनेल बदलणाऱ्या भागाकडे.

आयसी बहुतेक ४५५८ किंवा टीएल०७२ असेल, आठ पायांची. दोन्हींचे पाय एकसारखे. खाच डावीकडे धरली की खालचा डावा पाय पहिला, तिथून घड्याळाच्या उलट मोजायचं. मीटरचं काळं टोक चेसिसला. आठव्यावर अधिक १५ च्या जवळपास, चौथ्यावर उणे १५. पहिल्या आणि सातव्यावर जवळपास शून्य. तिथे १३-१४ व्होल्ट अडकून बसले असतील, तर आयसी किंवा तिच्या इनपुटकडचा रेझिस्टर. मोजताना सातवा आणि आठवा पाय टोकानं जोडला गेला तर चांगली आयसीही जाते, म्हणून मीटरच्या टोकावर वायरचं सोललेलं आवरण चढवा, फक्त दोन मिलिमीटर धातू उघडा ठेवा.

चॅनेल बदलायला काही अँपमध्ये रिले (विजेवर हलणारा स्विच) असते, ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज न करता बदलत असेल, तर बहुधा जेफेट (स्विचसारखे वापरलेले ट्रान्झिस्टर) आहेत, जे१११ किंवा जे११३ सारखे. आवाजाच्या वाटेतच जेफेट बसवलेला असेल, तर क्लीन निवडल्यावर त्याच्या गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या-मिटणाऱ्या पायावर, शून्याजवळ यायला हवं, ओव्हरड्राइव्हला बरेच उणे व्होल्ट. क्लीनवरही तिथे उणेच राहत असतील, तर जेफेट अर्धवट मिटलेला आहे. बारीक, फाटका, जोरात छेडल्यावरच येणारा आवाज असाही होतो. तिथे गेटकडचा डायोड आणि रेझिस्टर तपासा.

चालू झालं की लगेच स्क्रू लावू नका. तासभर तानपुरा वाजू द्या आणि खंजिरीवर ताल धरावा तसं बोर्डवर लाकडी काडीनं हलकेच टकटक करत फिरा. कुठे खरखर झाली तर तो सांधा अजून कच्चा आहे. एवढं करूनही जमलं नाही, तर आयसीच्या आठही पायांचे आणि जेफेटच्या गेटचे व्होल्टेज, दोन्ही चॅनेलवरचे, कागदावर लिहून पाठवा. त्यावरून पुढचं सांगतो.