चेंबर गटाराचं, चेंबर वकिलाचं

प्रश्न : मी नगरपालिकेत ओव्हरसियर होतो. ड्रेनेजची चेंबरं बांधून घेण्यात आणि त्यांची झाकणं चोरीला गेल्याचे अहवाल लिहिण्यात सारी नोकरी गेली. आता लेक वकील झाली आहे. फोन केला की म्हणते, "बाबा, सरांच्या चेंबरमध्ये आहे, नंतर बोलते." हा शब्द एकच की वेगवेगळे? एकच असेल तर थोरला कोण, तिचं चेंबर की माझं?
– एक निवृत्त ओव्हरसियर, सातारा जिल्हा

उत्तर : शब्द एकच, आणि थोरलेपणाचा मान तुमच्याकडे येतो. लेकीला जरूर कळवा.

इंग्रजीने चेंबर घेतलं फ्रेंच 'शांब्र'वरून, फ्रेंचने लॅटिन 'कामेरा'वरून आणि लॅटिनने ग्रीक 'कामारा'वरून. या ग्रीक टोकाला खोली सापडतच नाही. कामारा म्हणजे वरून कमानीसारखं झाकलेलं काहीही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हेरोडोटस बॅबिलोनच्या श्रीमंत बायकांबद्दल लिहितो, की त्या इतर बायकांत मिसळायला नको म्हणून देवळाकडे झाकलेल्या गाडीतून जातात. त्या गाडीला त्याचा शब्द कामारा. पुढे रोमन इतिहासकार टॅसिटस काळ्या समुद्रावरच्या होड्यांना हेच नाव देतो. लाटा उसळू लागल्या की त्या होड्यांच्या काठांवर एकेक फळी चढवत जायचं, शेवटी त्या वर छपरासारख्या मिटायच्या.

आता तुमचं विटांचं चेंबर डोळ्यांपुढे आणा. गवंडी वरचे थर आत घेत घेत तोंड लहान करत नेतो आणि मग झाकण बसतं. हेरोडोटसला दाखवलं असतं तर त्याने नाव बरोबर सांगितलं असतं, फक्त आत उतरला नसता. तुमच्या लेकीच्या सरांचं चेंबर बहुधा प्लायवूडच्या पार्टिशनचं आणि सपाट फॉल्स सीलिंगचं असेल. त्यात कमान कुठली?

रोमनांनी आधी घुमटाकार छताला कामेरा म्हटलं, मग तसं छत असलेल्या खोलीला, आणि कालांतराने छत विसरून नुसत्याच खोलीला. मध्ययुगात राजाची खोली म्हणजे त्याचा खजिनाही, म्हणून कामेरा म्हणजे तिजोरीखातं झालं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पोप फ्रान्सिस गेले तेव्हा मधल्या काळाचा कारभार 'कॅमेरलेंगो' या पदावरच्या कार्डिनलकडे आला. तोही याच घराण्यातला, मूळचा खजिनदार. खोलीत बसणाऱ्या मंडळींनाही खोलीचंच नाव पडलं. व्यापाऱ्यांचं पहिलं चेंबर १५९९ साली फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात निघालं. आपल्याकडे वालचंद हिराचंदांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स काढलं ते १९२७ मध्ये. पिस्तुलाचं चेंबर, हृदयाची चार चेंबरं हे सगळं नंतरचं. आपल्या डॉक्टरांनी हृदयाला 'कप्पे' दिले, हे मला फार आवडतं.

मंत्रालयात मात्र मंत्र्यांना चेंबर नसतं, 'दालन' असतं. तिथे झाकण चोरीला जायची भीती नाही.

प्रश्न : एकाच दिवसाच्या पेपरात दोन बातम्या वाचल्या. एकीत 'इन कॅमेरा सुनावणी', दुसरीत 'इन कॅमेरा शवविच्छेदन'. पहिलीत पत्रकारांना बाहेर काढलं होतं, दुसरीत कॅमेरा लावून चित्रीकरण केलं होतं. मग इन कॅमेरा म्हणजे दाखवणं की लपवणं?
– एक शिक्षिका, नांदेड

उत्तर : लपवणं. या लॅटिन शब्दप्रयोगात कॅमेरा म्हणजे खोली, तीही न्यायाधीशांची खासगी. भर कोर्टात न चालवता आत चालवायचं, एवढाच अर्थ. १९८३ च्या दुरुस्तीने बलात्काराचे खटले असे चालवावेत, हे फौजदारी प्रक्रिया संहितेत आलं, आणि तेव्हापासून हा शब्द मराठी बातम्यांत रुळला.

फोटोचा कॅमेरा त्याच खोलीतून निघाला, पण दुसऱ्या दाराने. अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक ठेवलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं उमटतं. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०४ साली याला 'कामेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं, म्हणजे अंधारी खोली. खोलीची पेटी झाली, पेटीला भिंग आलं, एकोणिसाव्या शतकात आत रसायनाची काच बसली. लोकांनी 'अंधारी' गाळलं आणि नुसती खोली ठेवली. ऑक्सफर्डमध्ये 'रॅडक्लिफ कॅमेरा' नावाची अठराव्या शतकातली गोल घुमटाची इमारत आहे. ते ग्रंथालय आहे, तिथे कॅमेरा शोधू नये.

कोठडीतल्या मृत्यूनंतर शवविच्छेदनाचं चित्रीकरण करतात, ते पुढे कुणी काही लपवू नये म्हणून. म्हणजे त्या बातमीत शब्द नेमका उलटा पडतो. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना मी पहिल्या ठिकाणी 'बंद दाराआड' आणि दुसऱ्या ठिकाणी 'चित्रीकरणासह' असं करून टाकायचो. मथळा लांबतो अशी कुरकुर व्हायची. लांबू दे. शब्द अर्थ बदलतात हे मला मान्य आहे, पण पोरीची साक्ष बंद दाराआड होणार की कॅमेऱ्यासमोर, हे बातमीवरून तिच्या आईला कळायला हवं.

प्रश्न : आमचे आजोबा गिरणीत होते, लाल बावट्याचे. त्यांना सगळे कॉम्रेड म्हणत. या शब्दाचाही खोलीशी संबंध आहे असं कुठेसं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : अगदी खरं. स्पॅनिशमध्ये 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारे सोबती, विशेषतः शिपाई. तिथून फ्रेंच, तिथून इंग्रजी, आणि शेवटी लाल झेंड्याखाली. १९२८ साली मुंबईत गिरणी कामगार युनियन निघाली तेव्हा गिरणगावातले किती तरी कामगार बैठकीच्या खोलीत राहत होते. गावाकडची माणसं एका खोलीत, पाळीप्रमाणे कामाला जायची आणि पाळीप्रमाणेच झोपायची. युनियनची पावती फाडण्याआधीच ती कॉम्रेड होती. धोबीतलावाच्या गोंयकारांनी आपापल्या गावांचे क्लब काढले, त्यांना ते 'कूड' म्हणतात. कोंकणीत कूड म्हणजे खोलीच.

हिंदीतला 'कमरा'ही या कुळातला, पोर्तुगीजांकडून आलेला. गोव्यात त्यांच्या काळी नगरपालिकेचं नावच 'कामारा मुनिसिपाल' होतं. प्रमाण मराठीने मात्र कमरा घेतला नाही, खोलीवर भागवलं. आपली 'कंबर' मात्र फारसी 'कमर'वरून आली. काही जुन्या युरोपीय पंडितांनी कमर आणि कामारा यांनाही एका धातूला बांधलं होतं, कारण दोन्हींत वाकणं, वेढणं आहे. अलीकडच्या कोशकारांना ही सोयरीक पटत नाही, आणि मलाही ती ओढूनताणून जमवलेली वाटते.