भाव कुणाचा, ते आधी विचार

चिरंजीव बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले चारही स्क्रीनशॉट पाहिले. आजीच्या डब्यातला १८६२ चा राणीछाप रुपया एका ठिकाणी काही शे रुपयांना, दुसरीकडे काही हजारांना आणि एका महाशयांकडे थेट लाखात. आणि तू विचारतेस, "काका, यातला खरा भाव कुठला?" पोरी, चौघांपैकी एकानं तरी सांगितलंय का, की हा भाव कुणाचा, कोणत्या प्रतीच्या नाण्याचा आणि कोणत्या सालचा? हे तिन्ही कळेपर्यंत तो नुसता आकडा आहे.

भावाची पुस्तकं काही आजची नाहीत. पॅरिसच्या सरकारी नाणेसंग्रहात काम करणाऱ्या मियोनेनं १८१५ सालीच रोमन नाण्यांची दुर्मिळता आणि किंमत छापून ठेवली होती. पण तुझ्या कामाची गोष्ट अमेरिकेतली आहे. टेक्ससमधल्या फोर्ट वर्थचे व्यापारी मॅक्स मेल जाहिराती करायचे, की १९१३ चं लिबर्टी निकेल, म्हणजे पाच सेंटचं नाणं, आणा, ५० डॉलर देतो. लोक घरातली चिल्लर चाळत बसले. ती नाणी जगात पाचच होती आणि पाचही संग्राहकांच्या कपाटात. मेल यांचं डॉलरभर किमतीचं पुस्तक मात्र धडाक्यात खपलं. आता सांग, तो ५० डॉलरचा भाव कुणाचा होता? पुस्तक विकणाऱ्याचा.

याच्या उलट अमेरिकेतल्याच व्हिटमन या प्रकाशन कंपनीचं काम बघ. १९४२ साली त्यांनी निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक काढलं. त्यातला भाव म्हणजे व्यापारी तुमच्याकडून घेताना काय देईल तो. मग १९४६ च्या नोव्हेंबरात लाल पुस्तक आलं, मुखपृष्ठावर साल १९४७. त्यातला भाव म्हणजे तुम्ही व्यापाऱ्याला काय मोजाल तो. दोन्ही पुस्तकं आर. एस. योमन यांचीच. नाणं एक, माणूस एक, भाव दोन! लाल पुस्तक उघडून विकायला निघालेला माणूस हमखास रुसून परत येतो, व्यापाऱ्याला चोर म्हणतो, आणि चूक त्याचीच असते.

प्रतीचंही तसंच. १९४९ मध्ये शेल्डन या अमेरिकन नाणेअभ्यासकानं तिथल्या जुन्या मोठ्या सेंटची प्रत ठरवायला १ ते ७० अशी मोजपट्टी केली. ७० का? तर सर्वांत उत्तम नाण्याची किंमत सर्वांत झिजलेल्याच्या सत्तरपट, असा त्याचा हिशोब होता. बाजारानं तो हिशोब लवकरच मोडला. मोजपट्टी मात्र राहिली. आज नाण्याची प्रत तपासून देणाऱ्यांच्या सीलबंद डबीवर ६५ दिसतो तो तिथलाच.

आणि साल? आपल्याच नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी एका ठिकाणी निघाली. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. असा साठा निघाला की आदल्या वर्षीची भावाची यादी रद्दीत जाते. सुट्टीत त्र्यंबक रस्त्यानं अंजनेरीला जा, तिथलं नाण्यांचं संग्रहालय बघ. मीही याद्या पाठ करण्यात घालवलेली वर्षं नाणी न्याहाळण्यात घालवायला हवी होती.

आता तुझा रुपया. ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन कर. पूर्ण वजन ११.६६ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण १०.६९. सराफ बाजारात जो भाव सांगतील तो या चांदीचा, संग्राहकाचा नव्हे. मग कड नीट फिरवून बघ. राणीच्या डोक्याच्या वर, बरोबर बाराच्या जागी, कडेवरच्या रेघा बुजल्या असतील किंवा डाग दिसत असेल, तर तिथं कधीतरी हारासाठी कडी डाकलेली होती. अशा नाण्याची किंमत पडते. दिव्याखाली तिरपं धर. गालावर एकाच दिशेनं बारीक ओरखडे चमकले तर कुणीतरी घासलंय. शेवटी दहापट भिंगातून सालाच्या आसपासचे ठिपके मोज. १८६२ हेच साल पुढे १८७४ पर्यंत रुपयावर कायम राहिलं आणि मुंबई टांकसाळीनं वर्षांचा फरक ठिपक्यांत ठेवला. म्हणून "१८६२ चा रुपया" असा एक भाव असूच शकत नाही.

लाखवाले महाशय आधी फी मागतील. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगतील. असल्या व्यवहाराशी आपला संबंध नाही, असं बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय. नंबर ब्लॉक कर.

फोटोवरून मी कुणालाच भाव सांगत नाही, म्हणून लोक मला हेकट म्हणतात. म्हणोत. कड न बघता सांगितलेला भाव म्हणजे समोरच्याची फसवणूक आहे, आणि ती मी तुझ्या बाबतीत तर मुळीच करणार नाही.

वजन, कडेचा फोटो आणि ठिपके कागदावर लिहून रविवारी रुपया घेऊन ये. चिंच, टूथपेस्ट, काहीही लावू नकोस. काळा आहे तसाच आण.

तुझा,
काका